बर्लिनमधली ती वीस मिनिटं

प्रति,
महाराष्ट्रातून युरोपच्या सहली नेणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक आणि टूर मॅनेजर यांस,

स. न. वि. वि.

मी अलिबागची. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात तुमच्यापैकीच एका कंपनीबरोबर बारा दिवसांची युरोपची सहल केली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं ते काही तिच्या एकटीकडूनच झालेलं नाही. परत आल्यावर मी ओळखीतल्या सात-आठ जणांना विचारलं. सगळे वेगवेगळ्या कंपन्यांबरोबर गेलेले, आणि प्रत्येकाचा बर्लिनचा अनुभव थोड्याफार फरकाने माझ्यासारखाच. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना मिळून लिहिते आहे.

आमच्या कार्यक्रमपत्रिकेत नवव्या दिवसापुढे छापलं होतं, ‘बर्लिन शहरदर्शन, प्रमुख स्थळांवर फोटो स्टॉप’. बस एका रस्त्याच्या कडेला थांबली. समोर करड्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचं शेतच्या शेत पसरलेलं. टूर मॅनेजरने माइक हातात घेतला. “मंडळी, इथे वीस मिनिटं. फोटो मस्त येतात. टॉयलेट पलीकडच्या बाजूला, सुटे पैसे जवळ ठेवा. बरोबर अकरा पन्नासला सगळे बसपाशी.”

आम्ही अडतीस जण उतरलो. दोन मुलं लगेच एका ठोकळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारायला लागली. एक नवं जोडपं ठोकळ्यांच्या आडून डोकावत एकमेकांचे फोटो काढत होतं. एका काकूंनी कडेच्या बुटक्या ठोकळ्यावर रुमाल अंथरून डबा उघडला आणि मला हाक मारली. सकाळपासून पाय दुखत होते. मी त्यांच्या शेजारी त्या ठोकळ्यावर बसले आणि बेसनाचा लाडू खाल्ला. तेवढ्यात एक वयस्कर जर्मन बाई त्या मुलांना हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. मुलं खाली उतरली. “इथले लोक जरा खडूसच,” काकू म्हणाल्या. मी मान डोलावली.

बस सुटली तेव्हा मॅनेजरने सांगितलं, “आत्ता पाहिलं ते ज्यू लोकांचं मेमोरियल होतं. हिटलरने साठ लाख ज्यू मारले. आता उजवीकडे बघा...” उजवीकडे काय होतं ते मला आठवत नाही. मी रुमालाला हात पुसत होते.

त्या मुलाला मी दोष देत नाही, हे आधीच स्पष्ट लिहिते. पंचविशी-तिशीतला, अतिशय कष्टाळू पोरगा. अडतीस जणांची जेवणं, त्यातली जैन जेवणं वेगळी, कोणाची बॅग हरवलेली, कोणाची गोळी संपलेली, हे सगळं तो हसतमुखाने निभावत होता. त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं, की ही जागा काय आहे आणि ती कशी दाखवायची. ते शिकवणं तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला लिहिते.

त्या वीस मिनिटांतली शेवटची सात-आठ मिनिटं आम्ही जवळच्याच एका वाहनतळावर घालवली. तिथे एक माहितीफलक आहे. खाली हिटलरचा बंकर होता आणि ३० एप्रिल १९४५ रोजी त्याने तिथेच आत्महत्या केली. ही माहिती मात्र मॅनेजरने रंगवून सांगितली, आणि मंडळींनीही कान टवकारून ऐकली. फलकापुढे उभं राहून फोटो झाले. एक गृहस्थ म्हणाले, “काही म्हणा, माणूस शिस्तीचा होता. आपल्याकडे असा एक पाहिजे.” चार-पाच माना हलल्या. कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोललं जातं, ते तुम्हाला माहीत आहे. कडक मास्तरांना पोरं हिटलर म्हणतात, आईबापही म्हणतात. फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगात त्याचं आत्मचरित्र यशस्वी उद्योजकांच्या चरित्रांशेजारी मांडलेलं असतं. आपल्या लोकांच्या मनात वाईट असतं असं नाही. त्या नावाबरोबर काय काय येतं, ते आपल्यापर्यंत पोचलेलंच नाही. तुमची बस त्यांना त्या जागेपासून दोनशे पावलांवर नेते आणि न पोचवता परत आणते.

त्या वाहनतळाच्या कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या पाटीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये चुकून निघाला होता. घरी आल्यावर फोटो निवडताना तो सापडला. पाटीवर गर्ट्रूड कोलमार असं नाव आहे. शोधलं तेव्हा कळलं, की ती बर्लिनची कवयित्री. ज्यू म्हणून तिला कारखान्यात सक्तीच्या मजुरीला जुंपलं आणि १९४३ च्या मार्चमध्ये आउशवित्झच्या छळछावणीत नेऊन मारलं. मी आयुष्यभर वर्गात कविता शिकवल्या. एका कवयित्रीच्या नावाच्या रस्त्यावर उभी राहून मी तिच्या मारेकऱ्याच्या शिस्तीचं कौतुक ऐकून घेतलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याला आणखी एक कारण होतं. अलिबागला इस्राएल आळी आहे, तिथे मागेन अबोथ नावाचं सिनेगॉग आहे. माझं लहानपण त्या आळीच्या तोंडाशीच गेलं. माझ्या दृष्टीने ज्यू म्हणजे शेजारच्या मावशी. नऊवारी नेसणाऱ्या, गळ्यात मंगळसूत्र असणाऱ्या, माझ्या आईपेक्षा अस्सल कोकणी हेल काढून मराठी बोलणाऱ्या. शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटत नसे. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांच्यातली जुनी कथा त्याच सांगत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. गावांवरून आडनावं पडली, पेणकर, रोहेकर, नवगावकर. मलिद्याच्या दिवशी पोहे, गूळ, खोबरं आणि फळं घातलेलं ताट आमच्याकडे यायचं. ज्यू असल्याबद्दल त्यांना या मातीत कधी कोणी त्रास दिला नाही, हा त्यांच्याच तोंडचा दाखला. पुढे १९४८ नंतर एकेक घर इस्राएलला गेलं. मी सातवीत असताना मावशीही गेल्या. तिकडे गेलेल्या लोकांनी मराठीतून नियतकालिक चालवलं, त्याचं नाव ‘मायबोली’.

मावशींच्या पुढच्या खोलीत घरच्या लग्नाचा एक मोठा फोटो होता, खुर्च्यांवर वडीलधारे, मागे उभी तरणी माणसं, पुढे सतरंजीवर मांडी घालून पोरं. त्या माणसांचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागायच्या ऐवजी ऱ्हाईन नदीच्या काठाला लागले असते, तर त्या फोटोतलं कोण उरलं असतं? हा प्रश्न मला त्या ठोकळ्यांपाशी पडायला हवा होता. तो अलिबागला, माझ्या घरच्या पलंगावर पडला.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा बर्लिनला गेले. भाची तिथे नोकरीला आहे, राहायची सोय होती. दोन दुपारी मी एकटी त्या स्मारकात होते.

कडेने पाहिलं तर ठोकळे गुडघ्याएवढेच दिसतात, काही तर जमिनीला टेकलेले. म्हणून बसमधून उतरणाऱ्याला ते बाकांसारखे वाटतात. आत शिरलं की जमीन हळूहळू खाली जाते. पायाखाली फरशी सपाट नाही, चढ-उतार आहेत, पाऊल जपून टाकावं लागतं. ठोकळे कमरेला येतात, मग खांद्याला, मग डोक्याच्या वर. सर्वांत उंच ठोकळा ४.७ मीटर, म्हणजे दीड मजल्याएवढा. मधल्या वाटा एक मीटरही रुंद नाहीत, एका वेळी एकच माणूस चालू शकतो. नवराबायको हात धरून आत गेले तरी हात सोडावा लागतो. दहा-पंधरा पावलांवर रस्त्याचा आवाज दबतो. समोरच्या चौकात कोणीतरी आडवं जातं आणि दिसेनासं होतं. हाक मारली तर आवाज कुठून आला ते कळत नाही. मी एका उंच ठोकळ्याला हात लावला. गार होता, गुळगुळीत, आणि इंचभर कललेला. ते सगळेच थोडेथोडे कललेले आहेत.

असे २७११ ठोकळे, सुमारे पावणेपाच एकरांत. वास्तुरचनाकार अमेरिकेचे पीटर आयझेनमन. काही टूर मॅनेजर सांगतात की आकड्याला गूढ अर्थ आहे, किंवा ही थडगी आहेत. तसं काही नाही. जागेत बसले तेवढे ठोकळे, आणि त्यांच्याखाली कोणी पुरलेलं नाही. ठोकळ्यांवर नाव नाही, तारीख नाही, कोणतंही चिन्ह नाही. म्हणूनच सांगणाऱ्यावर जबाबदारी येते. आपल्याकडच्या हुतात्मा स्मारकावर नावांची शिळा असते, न सांगताही माणूस हात जोडतो. इथे काही सांगितलं नाही, तर खरोखर ठोकळेच दिसतात.

ही जागा शहराच्या कुठल्या कोपऱ्यात दिलेली नाही. ब्रँडेनबर्ग गेट दोन-तीन मिनिटांवर, संसदेची इमारत त्याच्या थोडी पुढे, अमेरिकेचा दूतावास समोर. बर्लिनची भिंत उभी असताना हा दोन भिंतींमधला मोकळा पट्टा होता, तिथे पाऊल ठेवणाऱ्यावर गोळी झाडली जायची. १९८८ मध्ये पत्रकार लेआ रोश आणि इतिहासकार एबरहार्ड येकेल यांनी स्मारकाची मागणी केली, त्यानंतर दहा वर्षं वाद चालला. स्पर्धा झाल्या, निवडलेला आराखडा रद्द झाला, आकार मोठा की लहान यावर भांडणं झाली, आणि २५ जून १९९९ रोजी जर्मन संसदेने मतदान घेऊन ठराव केला. मे २००५ मध्ये स्मारक खुलं झालं. आपल्याच देशाने केलेल्या गुन्ह्याचं स्मारक राजधानीच्या ऐन मध्यात, संसदेत मतदान घेऊन उभारायचं, ही गोष्ट तुमच्या प्रवाशांना बसमध्ये बसल्या बसल्या सांगता येईल. त्यासाठी उतरावंही लागत नाही.

पण उतरावं, आणि पुढे खालीही उतरावं. स्मारकाच्या पूर्वेच्या बाजूला, कोरा बर्लिनर यांच्या नावाच्या रस्त्यालगत, जमिनीखाली माहिती केंद्र आहे. कोरा बर्लिनर अर्थशास्त्रज्ञ होत्या, त्यांनाही १९४२ मध्ये नेऊन मारलं. त्या केंद्राबद्दल आमच्या अडतीस जणांपैकी एकालाही कळलं नाही. जिना उतरल्यावर विमानतळासारखी तपासणी होते, मग सहा मोठे चेहरे समोर येतात. साठ लाखांसाठी सहा माणसं.

पहिल्या खोलीत अंधार आहे. उजेड फक्त जमिनीत बसवलेल्या काचांमधून येतो, आणि त्या काचा वरच्या ठोकळ्यांच्याच मापाच्या आहेत. त्यांवर त्या काळातल्या पत्रांतले, रोजनिश्यांतले उतारे. वाचायचं तर मान खाली घालून उभं राहावं लागतं, म्हणून त्या खोलीतले सगळेच लोक मान खाली घालून उभे असतात. त्यातलं एक पत्र बारा वर्षांच्या मुलीचं, १९४२ च्या जुलैमधलं. आईने वडिलांना लिहिलेल्या पत्राखाली तिने चार ओळी जोडल्या आहेत. मरण्याआधी ती बाबांचा निरोप घेते. जगायची फार इच्छा होती, पण जगू देत नाहीत, असं लिहिते. या मरणाची तिला भीती वाटते, कारण लहान मुलांना जिवंतच खड्ड्यात टाकतात. आणि शेवटी बाबांना पापा. मी वर्गात मुलींना पत्रलेखन शिकवायचे. मायना, मजकूर, समाप्ती. तिच्या पत्रात तिन्ही होतं.

पुढच्या खोलीत पंधरा ज्यू कुटुंबं आहेत, वेगवेगळ्या देशांतली. कोणी श्रीमंत, कोणी धार्मिक, कोणी अजिबात नाही. घरच्या समारंभाचे फोटो, फोटोग्राफरकडे बघत ताठ बसलेली माणसं, आणि शेजारी त्यातल्या कोणाचं काय झालं ते. तिथे मला मावशींची पुढची खोली आठवली. मी भिंतीला टेकून बराच वेळ उभी होते.

त्यानंतर नावांची खोली. आत एक बाक, बाकी काही नाही. चारही भिंतींवर एकाच वेळी एक नाव उमटतं, जन्माचं साल, मृत्यूचं साल, आणि त्या माणसाबद्दल दोन-चार वाक्यं ऐकवली जातात. मग दुसरं नाव. सगळ्यांची नावं अशी वाचायची ठरवली, तर सहा वर्षं, सात महिने आणि सत्तावीस दिवस लागतील. बाकावर बसून मी हिशोब केला. एका माणसाच्या वाट्याला जेमतेम पस्तीस सेकंद येतात. म्हणजे वीस मिनिटांत चौतीस नावं. आमच्या बसमध्ये अडतीस माणसं होती. आमची बससुद्धा त्या वीस मिनिटांत वाचून संपली नसती.

माझ्याजवळ बसलेल्या एका तरुणीने माझ्याकडे कागदी रुमाल सरकवला. आम्ही एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही.

आता तुमच्या बाजूने येणाऱ्या हरकती मला ठाऊक आहेत. पहिली म्हणजे, लोक सुट्टीवर येतात, त्यांना रडवायचं कशाला? पण तुम्हीच लोकांना अंदमानला नेता ना? सेल्युलर जेलमध्ये तुमचे गाइड तासभर बोलतात. सावरकरांची कोठडी दाखवतात, कोलू दाखवतात, फाशीघर दाखवतात, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाच्या खेळाला बसवतात. लोक डोळे पुसत बाहेर येतात आणि घरी येऊन तेच सगळ्यांत आधी सांगतात. त्यांची सहल बिघडली अशी तक्रार तुमच्याकडे कधी आली आहे का? हे काम तुम्हाला उत्तम येतं. बर्लिनमध्ये तुम्ही ते करत नाही, एवढंच.

दुसरी हरकत वेळेची. पॅरिसमध्ये आम्ही अत्तराच्या एका दुकानात सव्वादोन तास होतो. वेळ असतो. कशाला द्यायचा ते ठरवावं लागतं.

तिसरी हरकत जास्त विचार करण्यासारखी आहे, आणि ती खुद्द आयझेनमन यांच्या म्हणण्याचा आधार घेऊन करता येईल. हे स्मारक खुलं होताना त्यांनी सांगितलं होतं, की लोक इथे डबे खातील, मुलं पकडापकडी खेळतील, आणि त्यात काही बिघडत नाही, ही पवित्र जागा नाही. त्यांच्या या म्हणण्याचा मी पुष्कळ विचार केला. मुलं त्या वाटांतून पळाली तर मला वाईट वाटत नाही. त्या खड्ड्यांत ज्यांना ढकललं तीही पळणारीच मुलं होती. उड्या मारायला मात्र स्मारकाच्या नियमांतच मनाई आहे, आणि पडून डोकं फुटण्याचीही भीती आहे. माझा आक्षेप खेळण्याला किंवा लाडवाला नाही. आम्हाला आधी सांगितलं नाही, याला आहे. सांगितलं असतं, तर कोणी डबा उघडला असता, कोणी नसता. पण ज्याने त्याने ते समजून केलं असतं. काही वर्षांपूर्वी तिथे सेल्फी काढणाऱ्यांचे फोटो छळछावण्यांच्या फोटोंवर चिकटवून त्यांना लाज आणण्याचा एक प्रयोग झाला. खूप गाजला तो. मला तो रस्ता पटत नाही. न सांगितलेल्या माणसाला लाज कसली आणायची?

आणखी एका जागेबद्दल लिहिते, आणि हे तर मराठी माणसाला दाखवलंच पाहिजे. ब्रँडेनबर्ग गेटपासून संसदेकडे चालत जाताना डाव्या हाताला, टियरगार्टनच्या झाडीत एक गोल तळं आहे. पाणी काळंभोर दिसतं, त्यात झाडं आणि संसदेची इमारत उलटी दिसते. मधोमध एक त्रिकोणी दगड, त्रिकोण अशासाठी की छळछावणीत कैद्यांच्या कपड्यांवर तशा आकाराचा बिल्ला शिवलेला असायचा. त्या दगडावर रोज एक ताजं फूल ठेवतात. काठाच्या फरशांवर छावण्यांची नावं कोरली आहेत. नाझींनी मारलेल्या सिंती आणि रोमा लोकांचं हे स्मारक, इस्राएलचे शिल्पकार दानी कारावान यांनी केलेलं, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये खुलं झालेलं. किती लोक मारले याचा नेमका आकडा नाही, अंदाज पाच लाखांपर्यंत जातात. पश्चिम जर्मनीच्या सरकारने त्याला वंशसंहार म्हणून मान्यता दिली तीच मुळी १९८२ मध्ये.

तुमचे टूर मॅनेजर या लोकांबद्दल एकच गोष्ट सांगतात. “जिप्सींपासून पाकीट सांभाळा.” आम्हाला रोममध्ये सांगितलं, पॅरिसमध्ये सांगितलं, बर्लिनमध्ये बसमधून उतरताना पुन्हा सांगितलं.

हे लोक मूळचे आपल्या बाजूचे. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून निघाले, आणि त्यांची रोमानी भाषा मराठी, हिंदी, पंजाबीच्याच कुळातली आहे. भाषा हा माझा विषय, म्हणून त्या तळ्याकाठी बसून मी शब्द आठवत होते. नाकाला नाक, कानाला कान. माणसाला मानुष. मोजायला लागले तर येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. आणि पाण्याला पानी. इतक्या वाटा तुडवून, इतक्या मुलखांतून हाकलले जाऊन, छावण्यांमध्ये मरतानाही ज्यांनी पाणी मागितलं असेल, त्यांनी ते आपल्याला कळेल अशा शब्दात मागितलं असेल. त्या काळ्या पाण्याकडे बघताना माझ्या मनातून हे जात नव्हतं. तुमच्या बसमधल्या कोणत्याही आजीला हे एवढं एकच सांगा, त्या तिथून हलणार नाहीत.

मी मागते ते फार नाही. स्मारकाला दीड तास द्या. त्यातली पंधरा मिनिटं वरच्या ठोकळ्यांत, प्रत्येकाने एकट्याने फिरायला, आणि तास-सव्वा तास खाली. केंद्राला प्रवेशशुल्क नाही. सोमवारी ते बंद असतं, तेव्हा कार्यक्रम आखताना बर्लिनचा दिवस सोमवारी पडू देऊ नका. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खाली जायला लिफ्ट आहे. लहान मुलांना खालच्या खोल्या झेपणार नाहीत, त्यांच्याबरोबर कोणीतरी वर थांबावं, नाहीतर तळ्यापाशी जावं. ज्यांना हे काहीच बघायचं नसेल त्यांना ब्रँडेनबर्ग गेटजवळ मोकळं सोडा, सक्ती कोणावर नको. बंकरचा वाहनतळ दाखवायचाच असेल तर स्मारक पाहून झाल्यावर दाखवा, आणि रस्त्याच्या पाटीवरचं नाव वाचून दाखवा.

आणि उतरण्याआधी बसमध्ये सांगा, मराठीत. हा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. खालच्या केंद्रात सगळं जर्मन आणि इंग्रजीत आहे. आमच्या बसमधल्या निम्म्या लोकांना त्यातलं फारसं कळलं नसतं. आपल्या भाषेत सांगणारं तिथे तुमच्या मॅनेजरशिवाय कोणी नसतं. सांगताना आपल्या माणसांच्या ओळखीच्या जागेपासून सुरुवात करता येते. बसमधले साठी ओलांडलेले सगळे रेडिओवर वाढलेले. आकाशवाणीची पहाटेची ती धून त्यांना झोपेतही ओळखू येईल. ती वॉल्टर कॉफमन यांची. याच बर्लिन शहरात संगीत शिकलेले ज्यू संगीतकार. १९३४ मध्ये युरोप सोडून ते मुंबईला आले आणि पुढे कित्येक वर्षं आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहत होते. मोबाइलवर ती धून अर्धा मिनिट वाजवा, मग हे सांगा, आणि मग बसचं दार उघडा.

हॉटेलच्या आसपास संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालात तर फुटपाथवर बघत चला. घरांच्या दारांपुढे चार बोटं रुंदीचे पितळी चौकोन जमिनीत बसवलेले दिसतील. ‘इथे राहत होता’ किंवा ‘इथे राहत होती’ अशी सुरुवात, खाली नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. गुंटर डेमनिग या कलावंताने सुरू केलेलं हे काम आता युरोपभर पसरलं आहे, आणि असे एक लाखाहून अधिक चौकोन बसवून झाले आहेत. भाचीच्या इमारतीपुढे तीन आहेत. एकाच आडनावाचे, तिसरा चौकोन चार वर्षांच्या मुलाचा. भाची रोज सकाळी कामाला जाताना त्यांना वळसा घालून जाते. मी तिथे होते तेव्हा एका रविवारी आम्ही दोघींनी चिंच आणि मीठ लावून ते घासले, देवघरातली पितळ्याची भांडी घासतो तसे. वरच्या मजल्यावरचे एक आजोबा खाली आले, बघत उभे राहिले, आणि घरातून पुसायला फडकं घेऊन आले.

बसमध्ये वाचून दाखवता येईल असं दोन पानांचं टिपण मी मराठीत लिहून ठेवलं आहे. ठोकळे, खालच्या खोल्या, तळं, आकाशवाणीची धून, सगळं त्यात आहे. तुमच्यापैकी कोणत्याही कंपनीने ते विनामूल्य घ्यावं, त्यावर माझं नाव घालायची गरज नाही. मॅनेजरांना समोर बसवून सांगायचं असेल तर मुंबई, पुणे, ठाणे कुठेही स्वखर्चाने येईन. टिपण मी आवाजाने, सावकाश वाचून पाहिलं, घड्याळ लावून. साडेनऊ मिनिटं लागतात. बस शहरात शिरल्यापासून त्या रस्त्याच्या कडेला उभी राहीपर्यंत तेवढा वेळ नक्की मिळतो.

पुढच्या उन्हाळ्याच्या सहलींची पत्रकं दिवाळीनंतर छापायला जातात, म्हणून आत्ता लिहिलं.

कळावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अलिबाग